पक्ष, साध्य, सिद्धता आणि आईच्या विड्या

चौथीत असताना गुरुजींनी नऊचा ताळा शिकवला. गुणाकार मांडायचा, दोन्ही संख्यांच्या अंकांची एक अंक उरेपर्यंत बेरीज करायची, त्या दोन अंकांच्या गुणाकाराचंही तेच करायचं, आणि उत्तराच्या अंकांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहायची. ३४७ गुणिले २६ हे गणित होतं. तीन, चार, सात मिळून १४, म्हणजे ५. दोन आणि सहा ८. पाच आठे ४०, म्हणजे ४. माझ्या पाटीवर उत्तर होतं ९२०२. नऊ, दोन, शून्य, दोन मिळून १३, म्हणजे ४. ताळा जुळला. मी सगळ्यांच्या आधी पाटी घेऊन उठले, आणि गुरुजींनी उत्तरावर आडवी रेघ ओढली. खरं उत्तर होतं ९०२२.

“पण गुरुजी, ताळा जुळलाय.”

“जुळू दे. उत्तर चुकलंय.”

घरी येईपर्यंत रडू आवरलं होतं, पण प्रश्न गेला नव्हता. ताळा चुकला तर उत्तर चूक, हे गुरुजींनी सांगितलं होतं. ताळा जुळला तरी उत्तर चूक असू शकतं, तर मग ताळ्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? त्याचं उत्तर मिळायला अकरावी उजाडली. १० म्हणजे ९ आणि १, १०० म्हणजे ९९ आणि १, १००० म्हणजे ९९९ आणि १. म्हणून कुठल्याही संख्येला नवाने भागून उरणारी बाकी आणि तिच्या अंकांच्या बेरजेला नवाने भागून उरणारी बाकी एकच असते. अंक कुठल्या घरात बसलाय, याच्याशी या बाकीला काही देणंघेणं नाही. मी शतकातला शून्य आणि दशकातला दोन यांची अदलाबदल केली होती, ती ताळ्याला दिसणंच शक्य नव्हतं. ताळा का चालतो हे ज्या तीन ओळींनी सांगितलं, त्याच तीन ओळींनी तो कुठे आंधळा आहे हेही सांगितलं. सिद्धतेचं मला वेड लागलं ते त्या दिवशी. गणिताच्या मास्तरणीनं हे बोलावं यात नवल नाही, पण मला ते मनापासून सांगायचं आहे: सिद्धता आपल्याला एखादी गोष्ट खरी आहे एवढंच सांगते असं मानणारे तिच्याकडून फार थोडं घेतात. ती गोष्ट कुठवर खरी आहे, हेही ती सांगते.

आता आई.

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. सकाळपासून रात्रीपर्यंत यंत्रमागांची खटखट, चादरी-टॉवेलच्या सुताची उडती कूस, आणि प्रत्येक दुसऱ्या उंबऱ्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. निम्म्या तेलुगू बोलणाऱ्या, काही कन्नड, आम्ही मराठी. आई रोज हजार विड्या वळायची. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, कात्री, तंबाखू, दोरा, आणि तिची बोटं. मजुरी हजारावर. पण हजार विड्या वळल्या म्हणजे हजाराची मजुरी हातात पडली, असं नव्हतं. कारखान्याच्या खिडकीवर चेकर बसायचा. तो टोपलीतून वीसेक विड्या काढायचा, दाबून बघायचा, आणि त्यातल्या खराब निघाल्या त्या प्रमाणात सगळ्या हजारावर छाट धरायचा. विसात तीन खराब निघाल्या तर हजारात दीडशे छाट. छाट म्हणजे त्या विड्यांची मजुरी गेली आणि विड्याही गेल्या.

आईची शाळा दुसरीपर्यंत. एकदा परत येताना, रिकामी टोपली काखेत धरून, ती मला म्हणाली, “वीस बघितल्या त्यानं. नऊशे ऐंशी बघितल्याच न्हाईत. त्याबी तशाच, हे कशावरनं?”

पुढे मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं, वीसहून जास्त वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं. या विषयातला याहून मूळचा प्रश्न मला अजून भेटलेला नाही.

हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला लागलं ते यंदाच्या अकरावीमुळे. फळ्यावर गणिती विगमनाचं तत्त्व लिहिलं होतं: एखादं विधान १ साठी खरं असेल, आणि ते कुठल्याही संख्येसाठी खरं असलं की तिच्या पुढच्या संख्येसाठीही खरं ठरत असेल, तर ते सर्व नैसर्गिक संख्यांसाठी खरं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “मॅडम, दरवर्षी तुम्ही आम्हाला प्रत्येक गोष्टीची सिद्धता लिहायला लावता. हे मात्र तत्त्व म्हणायचं आणि तसंच घ्यायचं. का?”

बाकीची मुलं हसली. मला हसू आलं नाही. मी त्याला पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं केलं. कार्तिकीला आमच्या जिल्ह्यातलं कुठलं पोर त्या बारीत उभं राहिलेलं नसतं! समज, बारी न संपणारी आहे, प्रत्येकाला क्रमांक आहे, पहिल्याला एक निरोप दिलाय, आणि ज्याला निरोप मिळतो तो मागच्याला सांगतोच. निरोप सगळ्यांना मिळेल का? “मिळेल.” कशावरून? तो थोडा थांबला आणि त्यानं स्वतःच सिद्धता रचली: समजा काहींना मिळाला नाही. तर न मिळालेल्यांतला सगळ्यात पुढचा धरा. तो पहिला माणूस नसणार, कारण पहिल्याला दिलाय. मग त्याच्या पुढे कुणीतरी आहे, त्याला मिळालाय, आणि त्यानं मागे सांगितलंच असणार. म्हणजे न मिळालेला कुणी उरतच नाही.

वर्गात टाळ्या पडल्या. मग मी विचारलं, “न मिळालेल्यांमध्ये ‘सगळ्यात पुढचा’ असा एकजण असतोच, हे कुठून आणलंस?” तो खाली बसला. नैसर्गिक संख्यांच्या कुठल्याही भरलेल्या संचात सर्वात लहान संख्या असतेच, हे एक वेगळं तत्त्व आहे, आणि ते सिद्ध करायला जावं तर विगमन लागतं. दोन्हींपैकी एक उचलून समोर ठेवावंच लागतं, मग दुसरं त्यातून काढता येतं. पेआनोनं १८८९ मध्ये नैसर्गिक संख्यांचा पाया मांडला तेव्हा विगमन गृहीतक म्हणूनच घेतलं.

मराठी माध्यमात भूमिती शिकलेल्यांना हे दुसऱ्या शब्दांत ठाऊक आहे. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. प्रत्येक प्रमेयाखाली डाव्या बाजूला ही चार नावं आपण वर्षानुवर्षं लिहिली. मार्क सिद्धतेला, म्हणून लक्षही तिच्याकडे. ‘पक्ष’, म्हणजे जे दिलेलं, गृहीत धरलेलं आहे ती ओळ, आपण प्रश्नातून उतरवून काढायचो आणि पुढे जायचो. मला आता वाटतं की खरी मेख त्या ओळीत आहे.

दोन हजार वर्षांचा एक हट्ट याच ओळीपायी झाला. युक्लिडच्या पाच गृहीतकांपैकी पहिली चार तोंडपाठ व्हावीत अशी, पाचवं लांबलचक. आपण शाळेत ते सोप्या रूपात शिकतो: रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. हे उघडच खरं वाटतं, मग पहिल्या चारांतून ते सिद्ध होत असणार, असं पिढ्यान्‌पिढ्या माणसं मानत आली. १७३३ मध्ये इटलीच्या सॅकेरीनं ते खोटं धरून विसंगती काढायचा प्रयत्न केला, आणि नकळत एका नव्या भूमितीतली प्रमेयं लिहीत गेला. हंगेरीच्या बोयाईला तर त्याच्या गणिती बापानंच या वाटेला जाऊ नको म्हणून विनवलं होतं. पोरगा गेला. १८२९ मध्ये रशियात लोबाचेव्हस्कीनं आणि १८३२ मध्ये बोयाईनं, एका बिंदूतून अनेक समांतर रेषा जाणारी भूमिती प्रसिद्ध केली, आणि १८६८ मध्ये बेल्ट्रामीनं दाखवलं की युक्लिडची भूमिती विसंगत नसेल तर हीसुद्धा विसंगत नाही. म्हणजे पाचवं गृहीतक पहिल्या चारांतून कधीच सिद्ध होणार नव्हतं. ते निवडायचं होतं. मला या गोष्टीत हार दिसत नाही. एखाद्या तत्त्वाला सिद्धता मिळू शकत नाही, हे सुद्धा इथे सिद्ध करावं लागलं.

इथे एक बाजूची गोष्ट, कारण ती मला कायम टोचते. सिद्धता ग्रीकांची, आपल्याकडे नुसती सूत्रं आणि पाठांतर, असं शिकलेली माणसंही बोलतात. आपल्या परंपरेत तिला ‘उपपत्ती’ म्हणत. भास्कराचार्यांनीच गोलाध्यायात म्हटलंय की उपपत्तीवाचून गणकाला जाणत्यांच्या सभेत मान नाही, आणि त्याच्या स्वतःच्या मनातलाही संशय फिटत नाही. दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर टीका लिहिली, ती या उपपत्ती देण्यासाठीच. केरळात ज्येष्ठदेवांनी त्याच शतकात आधीच्या काळातल्या माधव या गणितीच्या अनंत श्रेढींच्या, म्हणजे न संपणाऱ्या बेरजांच्या, युक्ती मल्याळममध्ये, लोकांच्या भाषेत, पायरीपायरीनं उलगडल्या. मांडणी युक्लिडसारखी गृहीतकांपासून सुरू होणारी नव्हती, हे खरं. पण ‘हे कशावरून’ हा प्रश्न आपल्यालाही पडत होता आणि आपण तो विचारत होतो.

“पण मॅडम, हजार वेळा करून बघितलं आणि दर वेळी खरं आलं, तर?” हा त्याच मुलाचा दुसरा प्रश्न. आता सगळा वर्ग त्याच्या बाजूला होता.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची संख्या त्यांना माहीत होतीच. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ ला तेच केलं तर पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या इथेच येऊन थांबतात. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. इथे तपासणं हीच सिद्धता होऊ शकते, कारण चार अंकी संख्या मोजक्या आहेत. सगळ्या तपासा, संपलं. आईच्या हजारच्या हजार विड्या चेकरनं दाबून बघाव्यात, तसं.

जिथे संपत नाही तिथे काय? १९१९ मध्ये पोल्यानं एक अंदाज मांडला. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव मोजा (१२ चे तीन: २, २, ३). अवयवांची संख्या सम असलेल्या आणि विषम असलेल्या अशा दोन गटांत संख्या वाटा. दोनपासून पुढे कुठेही थांबून मोजलं तरी विषमवाल्या सम गटाहून कमी कधीच भरत नाहीत, असं त्याला दिसलं. शंभरपर्यंत बघा, खरं. लाखापर्यंत, कोटीपर्यंत, खरं. १९५८ मध्ये हॅसलग्रोव्हनं सिद्ध केलं की हा अंदाज खोटा आहे. तो पहिल्यांदा नेमका कुठे मोडतो, ते १९८० मध्ये सापडलं: ९०,६१,५०,२५७. नव्वद कोटींहून जास्त वेळा ज्या विधानानं दगा दिला नाही, ते खोटं होतं. फळ्यावर मी तो आकडा लिहिला आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. खिडकीबाहेर मार्चमधलं सोलापूरचं ऊन होतं, पंख्याचा तेवढा आवाज.

इथवर गणित. इथवर मला काही शंका नाही. जे सिद्ध होऊ शकतं ते सिद्ध केल्याशिवाय मानू नये, जे गृहीत धरलंय ते गृहीत धरलंय असं स्पष्ट सांगावं. संख्याशास्त्रात पाऊल टाकलं की जमीन हलते.

वीस बघून हजाराबद्दल बोलायचा हक्क कुठून येतो, त्याला एक पक्की सिद्धता आहे. याकोब बर्नुलीनं वीसेक वर्षं या प्रश्नावर काढली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये ती छापली गेली: निवड जितकी मोठी, तितकं निवडीतलं प्रमाण खऱ्या प्रमाणाच्या जवळ असण्याची संभाव्यता एकाकडे सरकत जाते. हे प्रमेय आहे. पुढे १९३३ मध्ये कोल्मोगोरोव्हनं संभाव्यतेलाच गृहीतकांचा पाया घातला, तेव्हा त्याची जागा आणखी घट्ट झाली. आईच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते मला पहिल्यांदा भेटलं तेव्हा मी ग्रंथालयात बसून चक्क वहीवर आईचं नाव लिहिलं होतं.

मग आकडे घातले. धरू की आईच्या हजारात खरोखर ५० विड्या खराब आहेत, शंभरात पाच. चेकरनं डोळे मिटून वीस काढल्या. शंभर दिवसांतल्या साधारण ३६ दिवशी त्याला एकही खराब सापडणार नाही. साधारण ३८ दिवशी एक सापडेल, १९ दिवशी दोन. आणि सात-आठ दिवशी तीन किंवा जास्त, म्हणजे दीडशे विड्या किंवा त्याहून जास्त छाट, खऱ्या खराब मालाच्या तिप्पट. आईचं काम रोज सारखंच असूनही. सगळ्या दिवसांची सरासरी काढली तर मात्र बरोबर ५० येते. याला संख्याशास्त्रात मान आहे: ज्या अंदाजाची सरासरी खऱ्यावर बसते, तो चांगला अंदाज. पण हे प्रमेय आहे का? अंदाजाची सरासरी ५० येते, हे सिद्ध करता येतं. सरासरी बरोबर बसली म्हणजे व्यवहार न्यायाचा झाला, हे कुठेच सिद्ध होत नाही. ते तत्त्व आहे, आणि ज्या घरात त्या संध्याकाळचं पीठ त्या दिवशीच्या मजुरीतून यायचं, त्या घरानं ते का मानावं, याचं उत्तर बर्नुलीच्या प्रमेयात नाही.

संख्याशास्त्रातली बरीच तत्त्वं अशी आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या मागे नंतर सिद्धता उभ्या राहिल्या. १९२२ मध्ये फिशरनं महत्तम संभाव्यतेची रीत मांडली: जो अंदाज धरल्यास हाती आलेली नोंद सगळ्यात संभवनीय ठरते, तो स्वीकारा. ऐकायला पटतं. पण पटणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे, माझ्या ९२०२ चा ताळासुद्धा पटलाच होता. त्या रीतीला आधार मिळत गेला तो हळूहळू, आणि त्यात एक मोठं पाऊल आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या वि. शं. हुजूरबाजारांचं. क्रेमरनं १९४६ मध्ये दाखवलं होतं की नोंदी वाढत गेल्या तर त्या रीतीच्या समीकरणाचं एक मूळ खऱ्या किमतीकडे जातं. १९४८ मध्ये हुजूरबाजारांनी दाखवलं की अशी मुळं दोन-तीन असू शकत नाहीत, नोंदी वाढतील तसं ते एकच उरतं आणि संभाव्यता तिथेच शिखर गाठते. पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी घडवला. आम्ही विद्यार्थी असताना हे प्रमेय लिहायचो तेव्हा आधी अर्धं पान अटी लिहाव्या लागत. कंटाळा यायचा. ते अर्धं पान म्हणजे ‘पक्ष’ आहे, हे मला फार उशिरा उमगलं.

आता जी गोष्ट सांगणार आहे तिनं मला अनेक वर्षं झोपू दिलेलं नाही.

नाणं खरं आहे की नाही, म्हणजे छापा आणि काटा सारख्याच संभाव्यतेनं पडतात की नाही, हे तपासायचंय. बारा वेळा उडवलं, नऊ छापा आणि तीन काटा. मी आधीच ठरवलं होतं की बारा वेळा उडवायचं, तर खऱ्या नाण्यात इतका किंवा याहून कमी काटा येण्याची संभाव्यता शंभरात ७.३. पण माझ्या मैत्रिणीनं ठरवलं होतं की तीन काटे पडेपर्यंत उडवत राहायचं, आणि तिलाही बाराव्या फेकीला तिसरा काटा मिळाला, तर तीन काट्यांसाठी बारा किंवा जास्त फेकी लागण्याची तिची संभाव्यता ३.३. फिशरच्या काळापासून चालत आलेली पाच टक्क्यांची रेघ धरली (संभाव्यता याहून कमी निघाली तर नाणं खोटं मानायचं; तीही कुणी सिद्ध केलेली नाही, सोयीसाठी आखलेली आहे) तर माझं नाणं सुटतं आणि तिचं खोटं ठरतं. दोघींच्या वहीत नोंद एकच: नऊ आणि तीन. मग नाण्याबद्दलचा पुरावा वेगळा कसा?

१९६२ मध्ये अ‍ॅलन बर्नबॉमनं म्हटलं की पुरावा वेगळा नाहीच, आणि त्याची सिद्धता दिली. दोन तत्त्वं घ्या जी बहुतेकांना मान्य होती. एक: नोंदीतला जो तपशील आपल्या प्रश्नाबद्दल काहीच सांगत नाही, तो गाळल्यानं निष्कर्ष बदलू नये. दुसरं समजायला मार्केट यार्डात चला. दोन काटे आहेत, एक चोख, एक हलका-भारी दाखवणारा. नाणं उडवून पोतं चोख काट्यावर चढवलं. आता या वजनात किती चूक असेल हे सांगताना, ज्या खराब काट्यावर पोतं चढलंच नाही त्याचा हिशेब धरायचा का? कुठलाही हमाल म्हणेल, छे! तेच दुसरं तत्त्व. बर्नबॉमनं दाखवलं की ही दोन्ही मान्य असतील तर तिसरं मान्य करावंच लागतं: जी नोंद प्रत्यक्ष हाती आली तिची संभाव्यता हाच सगळा पुरावा, आणि तुम्ही कधी थांबायचं ठरवलं होतं त्याला पुराव्यात जागा नाही. रोजच्या वापरातल्या कितीतरी संख्याशास्त्रीय कसोट्या या तिसऱ्या तत्त्वाला सोडून चालतात.

मी ते विद्यार्थिदशेत वाचलं तेव्हा सिद्धतेपुढे मान तुकवली. सिद्ध झालंय म्हणजे झालंय. पुढे कळलं की खुद्द बर्नबॉम काही वर्षांनी त्या तत्त्वापासून दूर गेला. २०१४ मध्ये डेबोरा मेयो यांनी तर ती सिद्धताच लागू पडत नाही असा युक्तिवाद केला, आणि त्यावर मोठमोठ्या संख्याशास्त्रज्ञांनी वाद घातला. प्रमेय आणि त्याच्या सिद्धतेवर पन्नास वर्षांनी भांडण, हे गणितात क्वचितच दिसतं. माझं मत विचाराल तर दोष सिद्धतेतल्या पायऱ्यांत शोधण्याआधी आपण सिद्धतेकडून काय मागतोय ते बघावं. तत्त्वाची सिद्धता दिली की विश्वासाचं ओझं दुसऱ्या दोन तत्त्वांच्या खांद्यावर जातं, आणि तिसरं गळ्याखाली उतरत नसेल तर माघारी येऊन त्या दोघांना पुन्हा विचारावं लागतं. माघारी यायला लाज वाटू नये. मला बरीच वर्षं वाटली.

माझ्या माघारी येण्याचं कारण आई. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. विड्या सोडून बरीच वर्षं झाली, तरी दुपारी बसली की उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत असतो. परवा पाण्याची पाळी होती. चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याची वाट बघत आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी वही घेऊन हा लेख जुळवत होते.

“काय लिहायलीस गं?”

“तुझ्या छाट विड्या.”

तिनं चष्मा वर केला. मी सांगायला लागले, शंभर दिवसांतले ते छत्तीस दिवस, ज्या दिवशी चेकरला एकही खराब सापडायला नको. “असं व्हायचं का गं? छाट न्हाईच, असा दिवस?”

“न्हाई निघाली तर आणखी एक मूठ काढायचा की. रिकाम्या हातानं कोण सोडतंय.”

हे मला चाळीस वर्षांत तिनं सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. माझ्या वहीतल्या सगळ्या हिशेबात त्याची मूठ एकच होती. मी तिथेच बसून नव्यानं मांडलं. तो पहिल्या मुठीच्या वीस आणि दुसऱ्या मुठीच्या वीस, अशा चाळीस विड्यांवर प्रमाण काढत असेल, तर हजारात ५० खराब असताना छाट सरासरी ५९ पडते. एकदा विड्या समोर आल्यावर तो का थांबला याला महत्त्व नाही, चाळिसात इतक्या खराब हीच नोंद, असं बर्नबॉमचं तिसरं तत्त्व म्हणेल. पुराव्याबद्दल ते बरोबर असेलही. पण त्या वरच्या नऊ विड्या आईच्या मजुरीतून जातात, आणि त्या जातात त्या तो कधी थांबायचा त्यामुळेच. हे दोन प्रश्न आहेत, एका तत्त्वानं दोन्हींचं उत्तर देऊ नये, एवढं मला आता कळतं. आणि पहिली मूठ त्यानं हिशेबात धरलीच नसेल, नुसती दुसरीच धरली असेल, तर सरासरी ६८ येते. मग कुठलंच तत्त्व त्याच्या बाजूला उभं राहत नाही.

वहीत दोन्ही आकडे होते, एकाखाली एक.

“आई, पहिली मूठ तो धरायचा का गं? म्हंजे दोन्ही मिळून मोजायचा?”

“कशाला मोजतोय? ती परत टोपलीत टाकायचा.”

मी ५९ वर आडवी रेघ ओढली.

“आन् दोन्हीबी मुठी वरनंच,” ती म्हणाली. “खाली हात घालायचाच न्हाई. वरच्या वाळून कडक झालेल्या असायच्या, त्याच जास्त फुटायच्या.”

नळाला सूं असा आवाज आला. ती घागर घ्यायला उठली. मी ६८ पुढे प्रश्नचिन्ह केलं, आणि पानाच्या वर, डाव्या बाजूला, मोकळी सोडलेली पक्षाची ओळ भरायला घेतली.